व्हायरल लोड उत्तम, मग गर्भाशयमुख कधी तपासलं?

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, घेणारी जवळपास प्रत्येक बाई दोन आकडे तोंडपाठ सांगते: सीडी४ किती आणि व्हायरल लोड किती. गोळ्या वेळेवर चालू असल्या आणि व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड' आला की जीव भांड्यात पडतो. पडायलाच हवा. पण त्याच बाईला विचारा, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी शेवटची कधी झाली? पुष्कळदा उत्तर येतं, "तिथे काही त्रासच नाही, मग कशाला?"

व्हायरल लोडचा रिपोर्ट रक्तातल्या एचआयव्हीबद्दल सांगतो. गर्भाशयमुखावरच्या एचपीव्हीबद्दल, मज्जातंतूंत दडून बसलेल्या हर्पीसबद्दल किंवा यकृतातल्या हिपॅटायटिस बीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. या विषाणूंचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो, आणि त्यातला बराचसा तुमच्या स्वतःच्या हातात आहे. कुठल्या वयात कुठली तपासणी करायची, कुठल्या लक्षणाला कुठे जायचं आणि घरात काय टाळायचं, ते इथे एकेक करून पाहू.

आतलं संरक्षण कसं चालतं

योनीमार्गाचं अस्तर अनेक थरांचं आणि बऱ्यापैकी चिवट असतं. गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूला मात्र पेशींचा एकच नाजूक थर असतो. ही दोन अस्तरं जिथे एकमेकांना भेटतात, तो अरुंद पट्टा सगळ्यात हळवा. एचपीव्हीला तोच आवडतो आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो. डॉक्टर तपासणीत याच पट्ट्याकडे बघत असतात.

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू मोठ्या संख्येने राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला सामू साधारण ३.५ ते ४.५ इतका आम्लधर्मी राहतो आणि बाहेरून आलेल्या बऱ्याच जंतूंना तिथे जम बसवता येत नाही. जोडीला गर्भाशयमुखाचा चिकट स्राव असतो, त्यात प्रतिपिंडं असतात आणि अस्तराखाली रोगप्रतिकारक पेशी असतात. त्यातल्याच सीडी४ पेशी इतर पेशींना विषाणूविरुद्ध कामाला लावतात.

एचआयव्ही नेमका या सीडी४ पेशींवर घाला घालतो. त्याचे परिणाम दोन. पहिला, एचपीव्हीसारखा विषाणू आला तर त्याला हुसकावून लावायला जागेवर पुरेशा पेशी नसतात आणि तो मुक्काम ठोकतो. दुसरा थोडा उलट वाटेल असा आहे. जखम, फोड किंवा जंतुसंसर्ग झाला की तिथे सूज येते आणि शरीर त्या जागी आणखी सीडी४ पेशी धाडतं. एचआयव्हीला वाढायला लागतात त्याच पेशी. म्हणून एचआयव्हीवर उपचार चालू नसताना असा संसर्ग झाला, तर योनीस्रावातला एचआयव्ही वाढतो. एक विषाणू दुसऱ्याला असा हात देतो.

एआरटीने हे चक्र मोठ्या प्रमाणात थांबतं. स्रावातला एचआयव्हीही खाली येतो आणि सीडी४ पेशी पुन्हा वाढू लागतात. पण निदान उशिरा झालं असेल आणि सीडी४ एके काळी फार खाली गेला असेल, तर त्या काळात शिरकाव केलेला एचपीव्ही गोळ्या सुरू झाल्या म्हणून लगेच निघून जात नाही. चांगला व्हायरल लोड आणि गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल, या दोन्ही गोष्टी एकाच बाईत एकाच वेळी असू शकतात.

एचपीव्ही: सगळ्यात आधी याचा बंदोबस्त

२००८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोन शोधांना मिळून दिलं गेलं. अर्धं हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना, एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो हे दाखवल्याबद्दल. अर्धं फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्युक माँतान्ये यांना, एचआयव्हीच्या शोधाबद्दल. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईच्या शरीरात हे दोन्ही विषाणू एकत्र नांदू शकतात, म्हणून तिची तपासणी इतर बायकांपेक्षा लवकर सुरू होते आणि अधिक वेळा करावी लागते.

एचपीव्ही अतिशय सर्रास आढळतो. लैंगिक संबंध आलेल्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. जो जात नाही, तो त्रासाचा. त्याच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोनच जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत आहेत. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला हा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. प्रतिकारशक्ती धड असेल तर संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. ती कमी असेल आणि उपचार नसतील तर हेच अंतर ५ ते १० वर्षांवर येतं.

घाबरवण्यासाठी हे आकडे दिलेले नाहीत. पाच वर्षं म्हटली तरी तपासणीला भरपूर वेळ मिळतो. कर्करोग होण्याआधीच्या टप्प्यावर बदल सापडला तर बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत उपचार होतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

तपासणी कधी आणि कोणती

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस अशी: एचआयव्ही असलेल्या स्त्रीने वयाच्या २५ व्या वर्षापासून तपासणी सुरू करावी. एचपीव्ही डीएनए चाचणी उपलब्ध असेल तर ती दर ३ ते ५ वर्षांनी. ती नसेल तर व्हीआयए किंवा पॅप स्मिअर दर ३ वर्षांनी. तुमच्या एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनी याहून लवकर बोलावलं तर त्यांचं ऐकावं. तुमचा सीडी४ आणि जुने रिपोर्ट त्यांच्यासमोर असतात.

इथे एक मेख आहे. गावातल्या आरोग्य शिबिरात किंवा आरोग्य मंदिरात कर्करोगाची तपासणी ३० वर्षांवरच्या सगळ्या बायकांसाठी असते. २६-२७ वर्षांची एचआयव्ही असलेली मुलगी त्या यादीत बसत नाही, म्हणून "तुमचं वय नाही" असं ऐकून परत येते. तिने शिबिराच्या भरवशावर राहू नये. एआरटी केंद्रातून थेट स्त्रीरोग विभागाच्या नावाने चिठ्ठी घ्यावी.

तिन्ही चाचण्यांची तयारी सारखीच. पाळी चालू नसावी. आधीचे दोन दिवस संबंध टाळावेत आणि योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम वापरू नये. टेबलावर झोपवून गुडघे दुमडायला सांगतात आणि स्पेक्युलम नावाचं उपकरण आत सरकवून गर्भाशयमुख दिसेल असं करतात. आवळून धरलं तर टोचतं. लांब श्वास सोडत अंग सैल ठेवलं तर दाब जाणवतो, दुखत फारसं नाही. व्हीआयएमध्ये ३ ते ५ टक्क्यांचं ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, कापसाने लावून मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसू लागतात. किंचित चुरचुरतं. निकाल तिथल्या तिथे कळतो. पॅप स्मिअरमध्ये पेशी खरवडून काचपट्टीवर घेतात आणि रिपोर्ट काही दिवसांनी येतो. एचपीव्ही चाचणीत मऊ ब्रशने नमुना घेतात. हा नमुना बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते आणि तोही चालतो. टेबलावर झोपायची लाज किंवा धास्ती वाटत असेल तर ही सोय आहे का, हे जरूर विचारावं.

एचपीव्ही चाचणीवर भर का, याचा एक भक्कम पुरावा आपल्याच मातीतला आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख तीस हजार ग्रामीण स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं. हा अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांचा होता. ज्यांचा धोका मुळातच जास्त, त्यांनी तर ही चाचणी टाळूच नये.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. पुढची पायरी म्हणजे व्हीआयए, पॅप किंवा कोल्पोस्कोपी (भिंगातून मोठं करून पाहणं) करून पेशींत खरंच बदल झालाय का ते बघणं. बदल नसेल तर एचआयव्ही असलेल्या स्त्रीने १२ महिन्यांनी पुन्हा चाचणी करायची. बदल असेल तर तो भाग तापवून जाळतात, गोठवतात किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढतात. कुठला उपाय करायचा हे डाग केवढा आणि कुठे आहे त्यावर ठरतं.

उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो. ती जागा ओली जखम असते आणि त्या काळात स्रावातला एचआयव्ही थोडा वाढू शकतो. म्हणून साधारण चार आठवडे संबंध नकोतच. ते शक्य नसेल तर दर वेळी कंडोम. ताप, ओटीपोटात जोराचं दुखणं, घाण वासाचा स्राव किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त गेलं तर लगेच दवाखाना गाठावा. १२ महिन्यांनी पुन्हा तपासणी आणि त्यानंतर १२ महिन्यांनी आणखी एकदा. ही दुसरी तारीखच बहुतेकींकडून चुकते, कारण तोवर सगळं बरं वाटत असतं. एआरटीच्या हिरव्या पुस्तकात ती आजच लिहून घ्यावी.

आणखी एक. या रिपोर्टवरून घरात भांडण नको. एचपीव्ही कधी आणि कुणाकडून आला हे कुठलीही चाचणी सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षं गप्प राहून मग चाचणीत दिसू शकतो. नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घ्यायचा तो पुरावा नाही.

आणि संभोगानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणं किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. शौचाच्या वेळी रक्त जात असेल तर मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवू नये. एचपीव्ही गुदद्वाराच्या अस्तरावरही राहतो.

लस कुणी घ्यावी

एचपीव्हीची लस जिवंत विषाणूची नसते, त्यामुळे एचआयव्ही असलेल्यांना ती सुरक्षित आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. निरोगी मुलींना एक किंवा दोन डोस पुरतात असं आता मानलं जातं, पण एचआयव्ही असलेल्या मुलीला किमान दोन आणि शक्यतो तीन डोस द्यावेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शेजारच्या मुलीला एकाच डोसवर मोकळं केलं, म्हणून आपल्या मुलीचं तसं करू नये.

लैंगिक संबंध सुरू होण्याआधी लस घेतली तर तिचा फायदा सर्वाधिक. आधीच झालेला संसर्ग लस काढून टाकत नाही, त्यामुळे लस घेतली तरी तपासणी सुटत नाही. आई एचआयव्हीसह जगत असेल आणि मुलगी निगेटिव्ह असेल, तर तिलाही ९ ते १४ या वयात ही लस मिळावी असं बघा.

हर्पीस: बरा दिसतो, जात नाही

जननेंद्रियाच्या हर्पीसचा विषाणू कमरेच्या खालच्या मज्जातंतूंच्या गाठींत कायमचा राहतो. मधूनमधून वर येतो. आधी टोचल्यासारखं किंवा जळजळल्यासारखं होतं, मग पाण्याने भरलेले बारीक फोड, ते फुटून ओल्या दुखऱ्या जखमा. कित्येकींना फोड न येताही विषाणू स्रावात उतरत असतो.

फोड वाळला म्हणजे काम संपलं असं नाही. सिएटलच्या संशोधकांनी बऱ्या झालेल्या जागेच्या त्वचेचे बारीक तुकडे घेऊन तपासले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वरून कातडी पूर्ववत दिसत होती, पण आत एचआयव्हीला लागणाऱ्या सीडी४ पेशींचा घोळका कित्येक आठवडे जमलेलाच होता, हर्पीसचं औषध असायक्लोव्हिर रोज चालू असतानाही. चूल विझलेली दिसावी आणि राखेखाली निखारे धगधगत असावेत, तसं. हर्पीस असलेल्या व्यक्तीला एचआयव्हीची लागण सहज का होते, याचं उत्तर यात मिळतं.

मग असायक्लोव्हिर घेतलं की एचआयव्ही पसरणं थांबेल का? आफ्रिकेत तीन हजारांहून जास्त जोडप्यांमध्ये हे तपासलं गेलं. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही आणि हर्पीस दोन्ही होतं. रोज दोनदा ४०० मिलिग्रॅम असायक्लोव्हिर घेणाऱ्यांमध्ये जखमा ७३ टक्क्यांनी कमी झाल्या, पण जोडीदाराला एचआयव्ही होण्याचं प्रमाण घटलं नाही. असायक्लोव्हिर हर्पीसच्या त्रासासाठी आहे. एचआयव्ही रोखायला एआरटीच लागते.

काय करावं? टोचायला लागल्याबरोबर, पहिल्या दिवसातच डॉक्टरांना दाखवलं तर औषधाचा गुण लवकर येतो. वारंवार त्रास होत असेल तर रोजची कमी मात्रा महिनोन्‌महिने चालू ठेवता येते, त्याबद्दल विचारावं. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत फोड जास्त येऊ शकतात. गोळ्या सोसत नाहीत असं समजून एआरटी बंद करू नये. एक महिना उलटून गेला तरी जखम भरत नसेल तर ते प्रतिकारशक्ती फार खालावल्याचं लक्षण असू शकतं, तातडीने दाखवावं. जननेंद्रियावर कुठलीही जखम झाली तर सिफिलिसची रक्तचाचणी हवीच. आणि कमरेला किंवा छातीला पट्ट्यासारखी उठणारी नागीण हा वेगळा विषाणू आहे. तिच्यासाठी लिहून दिलेल्या गोळ्या उरल्यात म्हणून इथे वापरू नयेत.

हिपॅटायटिस आणि सीएमव्ही

सध्या बहुतेकांना मिळणारी टीएलडी ही एकच गोळी तीन औषधांची आहे: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर. यातली पहिली दोन हिपॅटायटिस बीवरही चालतात. म्हणून हिपॅटायटिस बी असलेल्या बाईने एआरटी मध्येच सोडली तर एचआयव्ही वाढतोच, शिवाय यकृताला अचानक जोराची सूज येऊ शकते. गोळी बदलायची वेळ आली तर बदलणाऱ्या डॉक्टरांना "मला बी आहे" हे आवर्जून सांगावं. बी नसेल तर लस घ्यावी, आणि ती लागू पडली का, हे रक्ततपासणीने बघता येतं का ते विचारावं. एचआयव्हीत लसीचा परिणाम कधीकधी कमी पडतो. हिपॅटायटिस सी तर आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. दोन्हींची तपासणी आणि उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत.

सीएमव्ही हा विषाणू आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात लहानपणापासून असतो आणि गर्भाशयमुखाच्या स्रावातही सापडतो. सीडी४ चांगला असेल तर त्याच्यासाठी वेगळी तपासणी किंवा औषध लागत नाही. सीडी४ ५० च्या खाली असताना डोळ्यापुढे ठिपके तरंगणं किंवा नजर धूसर होणं सुरू झालं तर मात्र त्याच दिवशी डोळे दाखवावेत.

अंगावरून पांढरं जातंय

पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, ताणला जाणारा स्राव जाणं हे निरोगी शरीराचं लक्षण आहे. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. पातळ करडा स्राव आणि माशासारखा वास असेल तर योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. हिरवट-पिवळा फेसाळ स्राव बहुधा ट्रायकोमोनासचा. हे तिन्ही विषाणू नव्हेत, पण त्यांनी आतलं संरक्षण ढिलं पडतं आणि वर सांगितलेल्या विषाणूंचं फावतं. म्हणून ते अंगावर काढू नयेत.

जिल्हा रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे लैंगिक आजारांची औषधं मोफत मिळतात, रंगीत किटमध्ये: योनीस्रावासाठी हिरवं, हर्पीससाठी लाल, ओटीपोटातल्या दुखण्यासाठी पिवळं. मैत्रिणीला हिरव्या किटने बरं वाटलं म्हणून तेच मागून घेऊ नये. दिलेला कोर्स पुरा करावा, आणि जोडीदारालाही औषध सांगितलं असेल तर त्यानेही घ्यावं. नाहीतर पुन्हा तोच संसर्ग घरातूनच परत येतो.

तुरटीचं पाणी, डेटॉल, कडुनिंबाचा काढा, सुगंधी वॉश यांनी आतून धुणं बंद करा. आतला भाग स्वतःची सफाई स्वतः करतो. धुण्याने लॅक्टोबॅसिलस वाहून जातात, आम्लता जाते आणि अस्तर सोलवटतं. बाहेरून साधं पाणी पुरे. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होऊन योनी कोरडी पडते आणि संबंधांच्या वेळी चिरा पडतात. त्यासाठी पाण्यावर आधारित जेल मिळतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन कंडोमसोबत कधीही वापरू नये, त्याने कंडोम फाटतो. तंबाखूचं म्हणाल तर बिडी-सिगारेटमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे पक्कं आहे; मिश्रीही तंबाखूच आहे, तीही सोडावी.

एक सावधगिरी. पांढरं जातंय, कंबर दुखते, तर "पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल" असा सल्ला कुणी दिला तर घाई करू नये. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी करावी लागली होती. स्राव हे गर्भाशय काढण्याचं कारण नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं, शक्यतो सरकारी रुग्णालयातलं, मत घ्या. शस्त्रक्रिया आधीच झाली असेल तर काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल शोधून ठेवा. गर्भाशयमुख तसंच ठेवलं असेल किंवा अहवालात कर्करोगपूर्व बदल लिहिले असतील, तर तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

जोडीदार आणि गर्भारपण

व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड' राहिला तर लैंगिक संबंधांतून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही. एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुण्यातली जोडपीही सहभागी होती. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, असं त्याने २०११ मध्ये दाखवलं. त्यानंतर युरोपातल्या पार्टनर अभ्यासात व्हायरल लोड दबलेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. पण हे संरक्षण फक्त एचआयव्हीपुरतं. हर्पीस, एचपीव्ही आणि इतर लैंगिक आजारांसाठी कंडोमचा उपयोग उरतोच. कातडीला कातडी लागून पसरणाऱ्या या विषाणूंना तो पूर्ण अडवत नाही, पण धोका बराच कमी करतो. फोड असताना मात्र कंडोम लावूनही संबंध नकोत.

गर्भार असाल तर दोन गोष्टी पहिल्याच भेटीत सांगाव्यात: पूर्वी कधी हर्पीस झाला होता का, आणि हिपॅटायटिस बी आहे का. बाळंतपणाच्या वेळी ताजे फोड असतील तर सिझेरियन करावं लागू शकतं. आईला बी असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यायचं असतं. त्याची तजवीज आधीच झालेली बरी.

डॉक्टरांना सांगावं का?

स्त्रीरोगतज्ज्ञाला एचआयव्ही असल्याचं सांगण्याचा फायदा तुमचाच. तपासणीचं वय, दोन तपासण्यांमधलं अंतर, लसीचे डोस, औषधाचे दिवस, सगळं त्यावर बदलतं. वागणूक बदलेल ही भीती मात्र खोटी नाही, म्हणून कायदा माहीत असावा. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला किंवा भेदभाव करायला या कायद्याने मनाई आहे, आणि तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. वीस किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी असायला हवा. राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. काय करावं सुचत नसेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना चिठ्ठीसोबत एखादा फोन करायला सांगता येतं.

पुढच्या तारखेला

गोळ्या घ्यायला जाल तेव्हा पाच प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. माझी गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली, कुठली झाली, आणि आता कधी करायची?
२. इथे एचपीव्ही डीएनए चाचणी होते का? नसेल तर व्हीआयए कुठल्या दिवशी असते?
३. माझी हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसची चाचणी झाली आहे का? बीची लस घ्यायची आहे का?
४. माझ्या मुलीला एचपीव्हीची लस कुठे मिळेल, आणि किती डोस?
५. मला मधूनमधून फोड येतात किंवा स्राव जातो. सुरक्षा क्लिनिकची चिठ्ठी मिळेल का?

पाचही उत्तरं हिरव्या पुस्तकात तारखेसह लिहून घ्या. केंद्रात गर्दी असेल आणि एकच प्रश्न विचारायला वेळ मिळाला, तर पहिला विचारा, आणि तारीख ठरल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.